पाच वर्षांचा ॲडमिरल

१६८३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात फ्रान्सचा ॲडमिरल मरण पावला. त्याचे वय अवघे १६ वर्षांचे होते. आजच्या बेल्जममधील कूर्त्रे या गावाच्या वेढ्यात तो तापाने आजारी पडला आणि १८ तारखेला त्याचा अंत झाला. त्याच महिन्यात त्याच्या रिकाम्या पदावर दुसरी नेमणूक झाली. आपल्या जुन्या मराठीत ज्याला सरखेल म्हणत, त्या तोलाच्या या पदावर जो नवा अधिकारी आला, तो पाच वर्षे पाच महिन्यांचा होता. त्याने तोपर्यंत समुद्र पाहिला होता की नाही, हा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही.

मृत ॲडमिरल आणि नवा ॲडमिरल हे सावत्र भाऊ होते. दोघेही फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे पुत्र, आणि दोघांपैकी एकाचीही आई राणी नव्हती. पहिला व्हर्मांद्वाचा काउंट, लुईझ द ला व्हालिएर हिचा मुलगा. दुसरा तुलूझचा काउंट लुई-अलेक्झांद्र द बूर्बाँ, मादाम द माँतेस्पाँ हिचा सर्वांत धाकटा मुलगा. प्रस्तुत लेख या दुसऱ्याविषयी आहे. मात्र पहिल्याच्या आईचा एक उद्गार आरंभीच सांगितला पाहिजे. लुईझने १६७४ मध्ये राजदरबार सोडून पॅरिसच्या कार्मेल मठात प्रवेश केला होता. पुत्रनिधनाची वार्ता कळली तेव्हा, ज्याच्या जन्माबद्दलच माझे रडणे अजून पुरेसे झालेले नाही त्याच्या मृत्यूबद्दल आता रडावे काय, अशा आशयाचे शब्द तिच्या तोंडून निघाले असे त्या काळचे लोक सांगत. तिच्या पश्चात्तापाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पुढची ३६ वर्षे ती त्याच मठात कठोर व्रतस्थ जीवन जगली. तरीही हा उद्गार वाचताना मन अडखळते. १६ वर्षांच्या त्या मुलाने आपल्या जन्मात कोणता अपराध केला होता?

या पदाची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. कार्डिनल रिशेल्यूने १६२६-२७ मध्ये ॲडमिरलचे जुने पद बरखास्त केले, कारण हे पद धारण करणारा सरदार राजालाही डोईजड होऊ शके. १६६९ मध्ये चौदाव्या लुईने ते पुन्हा निर्माण केले, पण दात काढून घेऊन. आरमारी अधिकाऱ्यांच्या नेमणुका राजाने स्वतःकडे ठेवल्या आणि कारभार मंत्री कॉल्बेर याच्या हाती दिला. पदाचा मान, उत्पन्न आणि सागरी न्यायालयांचा अधिकार तेवढा शिल्लक राहिला. अशा पदावर दोन वर्षांचा व्हर्मांद्वा बसला काय आणि पाच वर्षांचा तुलूझ बसला काय, जहाजे आपल्या मार्गाने जात होती. शिवाय विवाहबाह्य पुत्रांना मोठे करण्यात राजाचा आणखी एक हिशेब होता. त्यांचे सर्व वैभव पित्याच्या मर्जीवर अवलंबून असल्यामुळे ते बंड करणार नाहीत, असा त्याचा कयास होता.

आता या मुलाच्या जन्माकडे वळू. १६७५ च्या पवित्र सप्ताहात मादाम द माँतेस्पाँ व्हर्सायच्या धर्मग्रामातील लेक्युये नावाच्या साध्या धर्मगुरूकडे पापनिवेदनासाठी गेली. सर्व फ्रान्समध्ये जिचा संसार उद्ध्वस्त झाल्याची चर्चा होती, जिचा पती हयात होता आणि जी राजाची प्रेयसी म्हणून उघडपणे नांदत होती, त्या स्त्रीला पापमुक्ती देण्यास लेक्युयेने नकार दिला. संतापलेल्या मादामने राजाकडे तक्रार केली. राजाने धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू तिबू यांना बोलावले, तर त्यांनीही आपल्या सहकाऱ्याचीच बाजू घेतली. अखेर युवराजाचे शिक्षक बिशप बॉस्युए यांना विचारण्यात आले. त्यांनी सांगितले की धर्मगुरूने आपले कर्तव्य केले आहे. पूर्ण विभक्त झाल्यावाचून दोघांनाही ईस्टरचा ख्रिस्तप्रसाद घेता येणार नाही. ज्या राजापुढे युरोप वाकत होता, त्याच्यापुढे एका सामान्य धर्मगुरूने दाखविलेला हा निर्भयपणा ख्रिस्तसभेच्या इतिहासात अधिक ठळक अक्षरांत लिहिला जायला हवा होता.

राजाने ऐकले. दोघे विभक्त झाले, दोघांनी ईस्टर पाळला आणि राजा युद्धावर निघून गेला. पण हा निश्चय टिकला नाही. मादाम द केल्यूस या दरबारी स्त्रीने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, दोघांची पुनर्भेट प्रतिष्ठित वयोवृद्ध स्त्रियांच्या उपस्थितीत घडवून आणण्यात आली. पण बोलता बोलता ती दोघे बाजूच्या दालनात गेली, आणि या समेटाचे फळ म्हणजे एक मुलगी व त्यानंतर तुलूझचा काउंट. मुलगी फ्राँस्वाझ-मारी १६७७ मध्ये जन्मली. ६ जून १६७८ रोजी व्हर्सायजवळच्या क्लान्यी येथील वाड्यात लुई-अलेक्झांद्रचा जन्म झाला. ईस्टरच्या वेळी दिलेले वचन मोडल्याचा हा जिवंत पुरावा होता. दरबारात सगळ्यांनाच ते ठाऊक होते, आणि मोठा झाल्यावर ते त्यालाही कळल्यावाचून राहिले नसेल.

१६८१ मध्ये राजाने या दोन्ही मुलांना औरस ठरविणारी सनद काढली व त्यांना बूर्बाँ हे कुलनाम दिले. त्या सनदेत पित्याचे नाव आहे, आईचे नाव नाही. हे अनवधानाने झाले नव्हते. आई दुसऱ्याची विवाहित पत्नी होती. तिचे नाव लिहिले असते तर कायद्याने मूल तिच्या पतीचे ठरले असते आणि त्याला त्यावर हक्क सांगता आला असता. त्यासाठी राजाच्या कायदेपंडितांनी १६७३ मध्येच एक वाट शोधून ठेवली होती. दुसऱ्या एका उमराव घराण्यातील अनौरस मुलाला आईचे नाव न घेता औरस ठरवून त्यांनी पायंडा पाडला आणि लगेच तो राजाच्या मुलांना लागू केला. परिणामी तुलूझचा काउंट कागदोपत्री असा पुत्र झाला की ज्याला पिता आहे, पण आई नाही. त्याच्या ढालीवर फ्रान्सच्या राजघराण्याची तीन लिलीची फुले होती आणि त्यांच्यामध्ये एक लहानशी तिरपी लाल पट्टी. ती पट्टी पाहणाऱ्याला सर्व काही सांगत असे.

बालपणीच्या मानमरातबांची यादी मोठी आहे. ती येथे देत नाही. महत्त्वाची गोष्ट ही की या मुलाने शोभेचे पद मनावर घेतले. मोठा होता होता त्याने आरमाराचा अभ्यास केला. सॅं-सिमाँचा ड्यूक हा त्या दरबाराचा प्रसिद्ध आठवणलेखक राजाच्या अनौरस मुलांचा कट्टर द्वेष्टा होता. त्यांना मिळणारा प्रत्येक मान त्याला स्वतःचा अपमान वाटे. पण तुलूझविषयी लिहिताना त्याची लेखणी बदलते. बुद्धीने सामान्य, बोलण्यात थोडा घुमा, परंतु सचोटी, सत्यप्रियता आणि न्यायबुद्धी यांत अढळ, आणि आरमार व व्यापार यांचा खरा जाणकार, असे चित्र तो रेखाटतो. शत्रूने दिलेली ही साक्ष असल्यामुळे मी तिला अधिक मोल देतो.

स्पेनच्या वारसायुद्धात त्याची कसोटी लागली. ऑगस्ट १७०४ च्या प्रारंभी इंग्रज व डच आरमाराने जिब्राल्टर जिंकले. तुलूझ ब्रेस्तहून आपला ताफा घेऊन भूमध्य समुद्रात आला होता. तूलाँची जहाजे त्याला मिळाली आणि जिब्राल्टर परत घेण्यासाठी तो दक्षिणेकडे निघाला. २४ ऑगस्ट रोजी स्पेनच्या किनाऱ्यावरील व्हेलेझ-मालागा समोर त्याची गाठ ॲडमिरल जॉर्ज रूकच्या ताफ्याशी पडली. दोन्ही बाजूंना सुमारे पन्नास-पन्नास मोठी लढाऊ जहाजे होती. शंभराहून अधिक तोफांच्या 'फूद्रोयाँ' जहाजावर २६ वर्षांचा तुलूझ उभा होता, आणि त्याच्या जोडीला अनुभवी सेनानी मार्शल एस्त्रे होता.

सकाळी सुरू झालेली तोफांची लढाई संध्याकाळपर्यंत चालली. दोन्ही ताफे समांतर रांगांत उभे राहून एकमेकांवर आग ओकत होते. दिवसभरात कोणाचेही जहाज बुडाले नाही वा कोणी पकडले नाही, पण डेक रक्ताने माखले. मृत व जखमींची संख्या हजारांत गेली. मित्रराष्ट्रांच्या बाजूला हानी अधिक होती, आणि त्यांची अडचण त्याहून मोठी होती: जिब्राल्टरवर केलेल्या भडिमारात त्यांच्या अनेक जहाजांवरचा दारूगोळा आधीच संपत आला होता. मालागाच्या लढाईने उरलेलाही संपवला. दुसऱ्या दिवशी फ्रेंचांनी चाल केली असती, तर रूककडे उत्तर द्यायला फारसे काही नव्हते.

फ्रेंचांना मात्र हे ठाऊक नव्हते. युद्धमंडळ भरले. सॅं-सिमाँच्या वृत्तांतानुसार तुलूझचे मत पुन्हा हल्ला करावा असे होते आणि काही अनुभवी सेनानींनी त्याला दुजोरा दिला. पण राजाने त्याच्याजवळ ठेवलेला मार्गदर्शक मार्की दो याने ठाम विरोध केला, बहुमत त्याच्याकडे झुकले आणि तरुण ॲडमिरलने आपले मत मागे घेतले. ताफा तूलाँला परतला. दोन्ही पक्षांनी आपलाच विजय झाला असे जाहीर केले. व्हर्सायला तर या बातमीची निकड होती, कारण ११ दिवसांपूर्वीच ब्लेनहाइमच्या रणांगणावर फ्रेंच सैन्याचा धुव्वा उडाला होता. परंतु जिब्राल्टर इंग्रजांकडेच राहिले, ते आजतागायत.

त्या परतीला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. मला मात्र त्यात या माणसाच्या स्वभावाचे एक अंग दिसते. आयुष्यभर ज्याला आपली जागा दुसऱ्याच्या कृपेने मिळाली आहे याची जाणीव होती, त्याला स्वतःच्या मतावर अडून बसणे जमले नाही. रणांगणावर या गुणाचा तोटा झाला. पुढे राजकारणात मात्र त्यानेच त्याला तारले. मालागानंतर त्या युद्धात फ्रेंच ताफ्याने एवढी मोठी लढाई पुन्हा दिली नाही. १७०६ मध्ये बार्सिलोनाच्या वेढ्याला समुद्राकडून साथ देण्यासाठी तुलूझ गेला होता, पण प्रबळ इंग्रज ताफा येत असल्याचे कळताच त्याला परतावे लागले. त्यानंतर फ्रान्सचे सागरी युद्ध मुख्यतः परवानाधारक खाजगी जहाजांनी चालविले. त्यांनी लुटलेल्या शत्रूच्या मालाचा दहावा हिस्सा ॲडमिरलचा असे. त्यामुळे तुलूझ कमालीचा श्रीमंत झाला. पॅरिसमधील त्याचा वाडा आज फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेचे मुख्यालय आहे.

१७०७ च्या मे महिन्यात त्याची आई वारली. तिने १६९१ मध्ये दरबार कायमचा सोडला होता. तिची शेवटची वर्षे प्रायश्चित्तात गेली: अंगाला जाड्याभरड्या कापडाचे कपडे, काटेरी लोखंडी पट्टे, गरिबांसाठी स्वतः शिवणकाम, ओआराँ येथे निराधारांसाठी उभारलेले आश्रयगृह. आध्यात्मिक मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून तिने आपल्या पतीला क्षमायाचनेचे पत्र लिहिले. त्याने तिला भेटण्याचेही नाकारले. मृत्यूची तिला इतकी धास्ती होती की ती मेणबत्त्या पेटत्या ठेवून, पलंगाचे पडदे उघडे टाकून झोपे आणि रात्रभर जाग्या राहण्यासाठी भोवती बायका बसवी. मृत्यू प्रत्यक्ष आला तेव्हा मात्र, असे सांगतात, ती भीती पार निघून गेली. नोकरचाकरांना बोलावून तिने सर्वांसमक्ष आपल्या पापांची कबुली दिली, क्षमा मागितली आणि अंतिम संस्कार स्वीकारले.

राजाने आपल्या मुलांना तिचे सुतक पाळण्यास मनाई केली. सनदेत तिचे नाव नव्हते, म्हणून कायद्याने ती त्यांची आई नव्हती. आणि आईच नसेल तर शोकवस्त्रे कोणासाठी? तुलूझ आणि त्याच्या बहिणींनी मनापासून दुःख केले असे सॅं-सिमाँ नोंदवतो. पण काळे वस्त्र अंगावर चढविण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तीन वर्षांनी, १७१० मध्ये, कार्मेल मठात लुईझ द ला व्हालिएर वारली. तिच्या मुलीच्या सनदेत आईचे नाव होते, म्हणून तिने रीतसर सुतक पाळले. माँतेस्पाँच्या मुलांना ते पाहावे लागले. १६७३ मध्ये कायदेपंडितांनी मोठ्या हुशारीने काढलेली ती पळवाट कोठे येऊन पोहोचली, हे या एका प्रसंगात दिसते.

येथे आपल्या ख्रिस्तसभेकडेही पाहणे भाग आहे. दोष केवळ राजाच्या कायद्याचा नव्हता. अनुवादाच्या पुस्तकात विवाहबाह्य संततीला दहा पिढ्यांपर्यंत देवाच्या मंडळीत प्रवेश नाकारणारा नियम आहे. ख्रिस्तसभेने तो जसाच्या तसा चालविला नाही. बाप्तिस्म्याचे पाणी तिने सर्वांना दिले. परंतु वेदीपर्यंतची वाट अरुंद ठेवली. १९१७ च्या धर्मविधानानुसार अनौरस पुत्राला विशेष सूट मिळाल्याखेरीज गुरुदीक्षा घेता येत नसे, आणि बिशपपदासाठी औरस जन्माची अट होती. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभू येशूने दिलेले उत्तर आपल्याला पाठ आहे. तरीही या अटी धर्मविधानातून वगळल्या गेल्या त्या १९८३ मध्ये. आणि त्यानंतरही, २०१२ मध्ये, बुएनोस आयरिसचे तत्कालीन आर्चबिशप, म्हणजे पुढचे पोप फ्रान्सिस, यांना अविवाहित मातांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणाऱ्या धर्मगुरूंना जाहीरपणे खडसवावे लागले. लेक्युयेने आईला पापमुक्ती नाकारली, ते योग्यच होते. पण त्याच न्यायाने तिच्या मुलाला काही नाकारता येत नाही, हे समजायला आपल्याला फार वेळ लागला.

पुढचे राजकारण थोडक्यात सांगतो. घराण्यात एकामागून एक मृत्यू होऊन वारस कमी उरल्यावर वृद्ध राजाने १७१४ मध्ये आज्ञा काढली की, औरस राजपुत्र न उरल्यास मेनचा ड्यूक व तुलूझचा काउंट या दोन्ही पुत्रांना सिंहासनाचा हक्क राहील. मोठा भाऊ मेन आणि विशेषतः त्याची महत्त्वाकांक्षी पत्नी हर्षभरित झाली. तुलूझला या वाढत्या मानाची चिंताच वाटत होती, आणि ती खरी ठरली. १७१५ मध्ये राजा वारला, १७१७ मध्ये हा हक्क रद्द झाला आणि २६ ऑगस्ट १७१८ रोजी भर सभेत दोघांचा दर्जा काढून घेण्यात आला. पण त्याच सभेत दुसरी घोषणा झाली: तुलूझच्या काउंटला त्याचे मान त्याच्या हयातीपुरते परत देण्यात येत आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस मेन व त्याची पत्नी कटाच्या आरोपावरून कैदेत गेली. तुलूझचे नाव त्यात कोठेही नव्हते.

या काळात, १७१५ पासून, तो आरमार मंडळाचा प्रमुख होता आणि वसाहतींचा कारभारही त्याच मंडळाकडे असे. अमेरिकेत त्याच्या नावाने एक किल्ला बांधला गेला. न्यू ऑर्लिन्स शहराच्या जुन्या भागात आजही 'तुलूझ' व 'ड्यूमेन' असे दोन रस्ते आहेत. मधोमध राजघराण्याचा 'ऑर्लिन्स' रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संत पीटर व संत ॲन यांच्या नावांचे रस्ते. अनौरस भावांना राजघराण्यापासून दूर ठेवण्यासाठी आराखडा करणाऱ्याने मध्ये दोन संत उभे केले, असे तेथील लोक गमतीने सांगतात. संतांना हे काम आवडले असेल असे मला वाटत नाही.

याच मंडळाच्या कारकिर्दीतील एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. ऑक्टोबर १७१६ च्या आज्ञेने वसाहतींतील मालकांना आपले गुलाम फ्रान्समध्ये आणण्याची मुभा मिळाली. कारण दिले होते धर्मशिक्षण आणि कारागिरीचे शिक्षण. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवताच गुलाम मुक्त होतो, ही जुनी समजूत तिने मोडीत काढली. या गुलामांची नोंद ॲडमिरलच्या कचेरीच्या वह्यांत होत असे. स्वतः एका कागदातील गाळलेल्या नावाचे दुःख भोगलेल्या माणसाच्या कचेरीत, ज्यांना आईबापांचे घरच उरले नव्हते अशांची नावे मालकाची मालमत्ता म्हणून लिहिली जात होती. त्याच्या सचोटीची स्तुती करताना हे पान उलटून पुढे जाणे मला जमत नाही.

फेब्रुवारी १७२३ मध्ये, ४४ व्या वर्षी, त्याने विवाह केला. वधू मारी-व्हिक्त्वार द नोआय ही विधवा होती, आणि तिचा पहिला पती हा मादाम द माँतेस्पाँच्या औरस मुलाचा मुलगा होता. म्हणजे ज्या घराचे नाव सनदेत लिहिणे टाळले गेले होते, त्याच घराची सून त्याने पत्नी म्हणून स्वीकारली. विवाह प्रथम गुप्त ठेवण्यात आला आणि राज्याचा पालक ऑर्लिन्सचा ड्यूक डिसेंबरमध्ये वारल्यानंतर जाहीर झाला. प्रेयसी ठेवणे हे ज्या दरबारात सहज होते, तेथे त्याने विवाहसंस्कार घेतला. राँबुये येथील त्यांचे घर शांत व सुखी होते. लहानपणीच पोरका झालेला पंधरावा लुई शिकारीच्या निमित्ताने तेथे वारंवार येई. १६ नोव्हेंबर १७२५ रोजी तेथेच त्यांचा एकुलता एक पुत्र, पाँतिएव्हरचा ड्यूक, जन्मला.

१ डिसेंबर १७३७ रोजी, मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर, तुलूझच्या काउंटचा राँबुये येथे मृत्यू झाला. १२ वर्षांचा मुलगा ॲडमिरल झाला. हा पाँतिएव्हर पुढे अपार दानशूर म्हणून ओळखला गेला. १७८३ मध्ये सोळाव्या लुईला राँबुये हवे होते, म्हणून त्याने ते विकले आणि आईबापांच्या शवपेट्या द्रो येथील चर्चमध्ये हलविल्या. राज्यक्रांतीत राजाचा शिरच्छेद झाला, पण गावकऱ्यांनी या वृद्ध ड्यूकला हात लावला नाही. मार्च १७९३ मध्ये तो आपल्या बिछान्यात वारला आणि द्रो येथे आईबापांशेजारी त्याला पुरण्यात आले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात क्रांतिकारकांनी ते तळघर फोडले आणि सर्व देह एका सामायिक खड्ड्यात टाकले.

पाँतिएव्हरची मुलगी हद्दपारीतून परतली तेव्हा कोणती हाडे कोणाची हे ओळखणे शक्य नव्हते. १८१६ मध्ये तिने त्या खड्ड्याच्या जागी प्रार्थनामंदिर उभारण्यास आरंभ केला. तिचा मुलगा लुई-फिलिप, म्हणजे तुलूझच्या काउंटचा पणतू, १८३० मध्ये फ्रान्सचा राजा झाला आणि त्याने ते मंदिर वाढवून पूर्ण केले. तो स्वतःही आज तेथेच विसावला आहे.